गवताच्या रकान्यातली झाडं

शनिवार, १६ फेब्रुवारी १९६३

प्रिय व्हर्डी,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर पाच ओळी, त्यातल्या दोन हवेबद्दल. हवा कशी आहे ते मला अंगणात उभं राहिलं तरी कळतं, त्यासाठी टपालखात्याला त्रास द्यायची गरज नव्हती. तीन रविवार झाले, तू जेवायला आली नाहीस. पहिल्या रविवारी मी म्हटलं, आगपहाऱ्याच्या मनोऱ्यावर बदली कुणी मिळालं नसेल. दुसऱ्या रविवारी म्हटलं, सर्दी झाली असेल. तिसऱ्या रविवारी टोलिव्हर मामा सोफ्कीच्या पेजेचं दुसरं वाडगं चाटूनपुसून संपवत म्हणाला, "ती येत नाही, कारण तिला तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. आणि तुला तिच्या." तुझा मामा वर्षातून एकदा खरं बोलतो. यंदाचा वाटा त्याने फेब्रुवारीतच संपवला.

इकडची खबर म्हणशील तर बरी आहे. मामाच्या खालच्या कवळीला तडा गेलाय. आता तो मक्याचा पाव सोफ्कीत भिजवून खातो आणि दर घासाला दंतवैद्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. चर्चच्या बायकांकडून टोपल्यांची मागणी आली आहे, वीस नग, कासवाच्या आणि टर्कीच्या आकाराच्या, उन्हाळ्यात मोटारीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी. माझ्या हातात सध्या कासव आहे. पाठ झाली, पाय राहिलेत, आणि पाय विणायला पाइनच्या पानांच्या सुया नाहीत. छपराखाली टांगलेल्या जुड्यांपैकी तीन उरल्यात, त्यातल्याही निम्म्या आखूड. त्या दुसऱ्या, भराभर वाढणाऱ्या पाइनची सुई घेतली तर एका वेढ्यात संपते, जोड दिसतो, आणि जोड दिसलेली टोपली मी कुणाला विकत नाही, फुकटही देत नाही. हातभर लांब सुयांची झाडं आता फक्त ओढ्यापलीकडच्या उतारावर उरली आहेत. मोठी एक्केचाळीस, आणि त्यांच्या पायाशी पोरं. त्या पोरांवरूनच सगळं भांडण आहे, तुला ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे. वाचायचा कंटाळा आला तर मनोऱ्याच्या खिडकीतून एक फेरी बघून ये आणि पुन्हा वाच.

ऑक्टोबरात रानखात्याच्या कचेरीचा तो माणूस झाडं मोजायला आला होता, गळ्यात शिटी, हातात पाटी. सकाळी नऊला उतार चढला, दहाला खाली आला. नोव्हेंबरात कचेरीच्या हॉलिस साहेबांनी चर्चच्या मागच्या खोलीत आपल्याला बोलावून त्याचा कागद वाचून दाखवला. मोठी झाडं एक्केचाळीस. रोपं शून्य. शेरा, बाकी जमीन गवताखाली. म्हणून कचेरीने ठरवलं की चार मार्चला, सोमवारी, बुलडोझर आणायचा, मोठी झाडं गिरणीला द्यायची, उतार खरवडून साफ करायचा आणि नवा पाइन ओळीने लावायचा. "तुमच्याच भल्यासाठी," असं साहेब तीनदा म्हणाले. मी उठून म्हटलं, "साहेब, ते गवत नाही. ती झाडं आहेत." ते हसले. वाईट हसले नाहीत, म्हाताऱ्या बाईला हसतात तसे हसले. "एमलीनबाई, मी स्वतः बघून आलोय. गुडघ्याएवढं गवत आहे हो." मी म्हटलं, "तुम्हीही एकदा गुडघ्याएवढेच होतात. तुमच्या आईने तेव्हा तुम्हाला खरवडून काढलं असतं तर?" मागच्या बाकावरच्या बायका एवढ्या हसल्या की डेलियाच्या डोक्यावरची टोपी पडली. पण हसण्याने कागदावरचा शून्य पुसला जात नाही.

आपल्या घरात हे कुणी कुणाला शिकवायला लागत नसे. लांब सुयांच्या पाइनचं पोर पाच वर्षं, कधी दहा वर्षं, नुसतं झुपक्यासारखं बसून असतं. वरून बघणाऱ्याला वाटतं गवत. ते खाली काम करत असतं, मूळ माणसाच्या उंचीएवढं खोल घालत असतं. भोवती झुडपं माजली की ते गुदमरतं, सुयांवर तपकिरी डाग पडतात, आणि ते तिथेच बसल्या बसल्या मरतं. झुडपं जाळली की त्याला ऊन मिळतं. त्याच्या स्वतःच्या सुया जळतात, पण मधल्या कोंबाची मुंडी जळत नाही, आणि मग एका वसंतात ते जे उठतं ते कमरेएवढं होऊनच थांबतं. माझी आई उत्तरेचा वारा सुटला की मला आणि तुझ्या आईला, माझ्या कोराला, उतारावर घेऊन जायची. पाऊस पडून दोन दिवस झालेले असायचे. ती खालचा पाचोळा मुठीत दाबून बघायची. पाणी निघालं तर घरी परत. चुरा झाला तरी घरी परत. मुठीत नुसता गार लागला, की वाऱ्याच्या तोंडावर, वरच्या बाजूने काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याशी भांडत सावकाश खाली सरकते, घोट्याएवढीच राहते. आम्ही दोघी ओली गोणपाटं घेऊन कडेकडेने चालायचो. कोरा मोठ्याने ओरडायची, "कासवांनो, उठा! सशांनो, चला! आळशांनो, तुमची आंघोळ नंतर!" ती आठ वर्षांची होती. मी सहा. मला आगीची भीती वाटल्याचं आठवत नाही. आई संध्याकाळी चुलीजवळ बसून आमच्या पायांचे तळवे बघायची, कुठे चटका बसलाय का, आणि आम्ही गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घ्यायचो.

आजी सांगायची तेही आज लिहून ठेवते, कारण ते तू मनोऱ्यावरच्या कुठल्या वहीत वाचणार नाहीस. कुशाटा लोक फार पूर्वी दूर उत्तरेला एका नदीतल्या बेटावर राहायचे, आपण अलाबामा जमातीचे लोक त्यांच्या पश्चिमेला. स्पेनचे दांडगे लोक घोड्यांवरून आले, मक्याची कोठारं लुटून गेले. आपण उठलो. दोन नद्या मिळतात तिथे, शेजारी शेजारी, गावं मांडली. मग फ्रेंच हरले, इंग्रज आले. आपण पुन्हा उठलो, पश्चिमेला चाललो, लुइझियानाच्या दलदलीत मका लावला, तिथूनही उठलो, आणि टेक्सासच्या या घनदाट रानात आलो जिथे दुसरं कुणी यायला धजत नव्हतं. इथेच ट्रिनिटीच्या काठाला कुशाटांची गावं होती. टेक्सासचे गोरे मेक्सिकोच्या फौजेपुढून बायकापोरं घेऊन पळत आले, तेव्हा त्यांना जेवू घालून नदीपार कुणी केलं? तुझ्या रूबेन काकाच्या पणजीने. काका हे सांगताना दरवेळी म्हणायचा, "आणि मडकं परत दिलं नाही." कुशाटा माणूस, मडकं विसरत नाही. पुढे त्याच राज्याने आपल्याला हजारभर एकर दिले आणि उपकार केल्यासारखं केलं. नऊ वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या सरकारनं हात झटकले आणि आपल्याला राज्याच्या हवाली केलं, दावणीची गाय एका दावणीतून सोडून दुसरीला बांधावी तसं. या सगळ्यात एक गोष्ट बघ. प्रत्येक वेळी आपण उठलो. भांडलो नाही, रडलो नाही, सामान बांधलं आणि चालू लागलो. लोक याला आपला चांगुलपणा म्हणतात. चर्चमध्ये पाहुणे येतात तेव्हाही म्हणतात, किती शांत लोक. मला आता हा शब्द ऐकला की कानशिलं तापतात.

आता जे लिहायचं ते मी सात वर्षं लिहिलं नाही, बोललेही नाही. तू चार वर्षांची होतीस तेव्हा, सत्तेचाळीस साली, रानखात्याने आपल्या चर्चमध्ये सिनेमा दाखवला. पडद्यावर जळालेलं हरणाचं पाडस, जळालेलं घर, रडणारी बाई. मग कागद फिरवला. जंगलात आग लावणार नाही, लावू देणार नाही, खाली सही. पाद्रीबाबांनी केली, मोठ्यांनी केली. मी केली. कोराने हात मागे घेतला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हे त्यांच्या जंगलाचं खरं असेल. आपलं जंगल न जाळलं तर एक दिवस स्वतःहून जळेल, आणि तेव्हा ते घोट्याएवढं नसेल." सगळे आपल्याकडे बघतायत याची मला लाज वाटली. व्हर्डी, मला लाज वाटली, दुसरं काही नाही. मी तिच्या कानात म्हटलं, "तमाशा नको करूस, कर सही, घरी जाऊ." ती तरी ऐकेना, तेव्हा मी पेन्सिल तिच्या हातात दिली आणि तिच्या हातावर माझा हात ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिने सही केली. त्यानंतर आम्ही उतारावर काडी नेली नाही.

नऊ वर्षं झुडपं माजली. त्यातली सहा वर्षं पाऊस नव्हता. छप्पन्नच्या सप्टेंबरात काय झालं ते तुला जसं सांगितलं तसं तुला माहीत आहे. तू शाळेत होतीस. तुला सांगितलं, आगीने तुझी आई नेली. खोटं नव्हतं ते, पण अर्धं होतं. वीज कोरड्या झुडपात पडली आणि आग छातीएवढी नाही, झाडांच्या शेंड्यांवरून आली. कोरा गाय सोडवायला गोठ्यात गेली. गोठ्याच्या मागे जुन्या काळी आम्ही दरवर्षी जाळायचो ती पट्टी होती, आणि त्या पट्टीत नऊ वर्षांचं वाळलेलं जळण उभं होतं. तिला मारलं ते त्या जळणाने. ते तिथे साठलं कारण कुणी जाळलं नाही, आणि कुणी जाळलं नाही कारण सही होती, आणि त्या सहीवर माझा हात होता. मी तुला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, तुझ्या वेण्या घातल्या. आपल्यात आईची बहीण म्हणजे आईच, धाकटी आई, तेव्हा ते मी करणारच होते, त्यात कौतुक नाही. पण दर वेणीला मला हे सांगावंसं वाटायचं आणि दर वेणीला मी मूग गिळून गप्प बसले. आता तू हवं तर माझा राग कर. करच. मला बरं वाटेल.

अठराव्या वर्षी तू येऊन म्हणालीस, रानखात्याला मनोऱ्यावर बसायला माणूस हवंय, मी जातेय. मामाने विचारलं, "एवढ्या उंचावर बसून करायचं काय?" तू म्हणालीस, "धूर दिसला की फोन करायचा. लवकर केला तर कुणाची आई वाचेल." मामा उठून बाहेर गेला. त्या संध्याकाळी माझ्या हातून टोपलीला एकही धड टाका पडला नाही. तुझा मनोरा बघायला आले होते आठवतं? शंभर पायऱ्या चढले आणि गुडघ्यांना शिव्या दिल्या. तू मला ती गोल नकाशावरची फिरती पट्टी दाखवलीस, धूर कुठल्या अंशावर आहे ते कसं बघायचं ते शिकवलंस. आणि कुरकुर केलीस की नुसता फोन करून सुटका होत नाही, प्रत्येक नोंदवलेल्या आगीमागे कागदाचं शेपूट असतं. आठवड्याच्या आत साहेबाने स्वतः जागेवर जायचं, किती झाडं मेली, किती जगली, लहानमोठी सगळी मोजायची, तक्ता भरायचा, सही करायची. तू म्हणालीस, "मेली नाहीत तीही मोजायची, धाकटे आई, काय डोकं आहे!" मी तेव्हा हसले होते. गेल्या महिन्यात मला ते रोज आठवतंय.

अकरा जानेवारीला मी उताराचा अर्धा भाग जाळला. पावसाला दोन दिवस झाले होते, वारा उत्तरेचा, पाचोळा मुठीत गार. डेलिया होती, ओरा होती, मामा कवळी खिशात ठेवून गोणपाट घेऊन आला होता. मी पहिली काडी लावली तेव्हा माझा हात सोळा वर्षांनी तिथे गेला होता, तरी बरोबर वाऱ्याच्या तोंडावर गेला. आग घोट्याएवढी, शहाण्यासारखी. दोन तासांत सगळं काळं झालं आणि मोठ्या झाडांच्या सालीला डागसुद्धा नाही. तू पाहिलास तो धूर. मला माहीत होतं तू पाहशील; आकाश धुतल्यासारखं होतं. मी मनात तुझ्या फोनची वाट बघत होते. हॉलिस साहेब आले तर बरंच, त्यांना तिथेच उभं करून दाखवीन, बघा, गवत कसं जळतं आणि झाड कसं जळत नाही. पण कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका लाकडाच्या ट्रकवाल्याने गावात बोलता बोलता सांगितलं, तेव्हा साहेब आले. काळी जमीन बघून त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी तोंड उघडायच्या आत तुझा मामा पुढे. "मी केलं साहेब. कचरा जाळत होतो, वाऱ्याने पसरलं. म्हातारा झालो, चूक झाली." साहेबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, पुन्हा असं करू नका म्हणाले, आणि कचऱ्याची आग म्हणून लिहून निघाले. कचऱ्याच्या आगीला मोजणी नसते, तक्ता नसतो.

आणि मी गप्प उभी राहिले. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. घरी येऊन मी मामाला एवढी बोलले की शेजारची कुत्री भुंकायची थांबली. "मी आपल्या आईच्या उतारावर आपल्या आईचं काम केलं, आणि तू त्याला कचरा म्हणालास!" तो म्हणाला, "तुला तुरुंगात पाठवू काय? लांबटांग्या कोळी-किड्याच्या कुळातली तू आता एकटीच मोठी बाई उरलीयेस. मी तुझा भाऊ आहे, माझं दुसरं काम काय?" त्याचंही बरोबर आहे. आपल्या कुळात बहिणीची पोरं आणि बहीण सांभाळणं हेच भावाचं काम. पण सांभाळणं म्हणजे खोटं बोलून झाकणं, हे आपण कधी शिकलो? मग चार दिवसांनी कळलं की तूही सांभाळलंस. साहेबांनी तुझी नोंदवही तपासली आणि दहा वाजून चाळीस मिनिटांपुढे तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं सापडलं, ओढ्यावर धुकं. उत्तरेचा वारा सुटलेल्या कोरड्या सकाळी धुकं! पोरी, तुझ्यासारख्या हुशार मुलीने निदान ढग तरी लिहायचे.

तुला नोटीस आलीय आणि पंचवीस तारखेला तुझी चौकशी आहे, हे मला डेलियाच्या मुलीकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तू आली नाहीस कारण तुला वाटतं, आईला जिने जाळलं तसलीच आग दिसूनही मी फोन केला नाही, आणि दुसरीकडे वाटतं, धाकट्या आईवर फोन कसा करू. दोन्हींमध्ये तुझा जीव तीळतीळ तुटत असणार. पण मी उतारावर लावली तसल्या आगीने तुझ्या आईला नेलं नव्हतं, हे आता तुला कळलं. ती आग तिची होती. तुझ्या आईचीच. तिला ती लावायची होती आणि मी तिला लावू दिली नाही. आणि तू लिहिलेलं धुकं, मामाने सांगितलेला कचरा आणि माझं गप्प उभं राहणं, या तिन्ही गोष्टी आपण मायेने केल्या आणि या तिन्हींमुळे उतारावरची एकही मुंडी मोजली गेली नाही. त्यांच्या वहीत आजही तिथे शून्य रोपं आहेत. काल मी वर गेले होते. जळालेल्या अर्ध्या भागात राखेतून हिरवे गुच्छ वर आलेत, पाच आठवड्यांत बोटभर सुया. मी सव्वादोनशेपर्यंत मोजले आणि मग कंबर दुखायला लागली म्हणून सोडून दिलं. गवताला मुंडी नसते, हे कळायला हॉलिस साहेबांना चष्मा लागणार नाही, फक्त वाकावं लागेल. पण वाकायला ते तिथे यायला हवेत, आणि यायला त्यांना कागद हवा.

म्हणून हे पत्र. गुरुवारी, एकवीस तारखेला, दव वाळलं की, साडेनऊच्या सुमाराला, मी उताराचा उरलेला अर्धा भाग जाळणार आहे. मामाला सांगितलंय की यावेळी तोंड उघडलंस तर दुसरी कवळीही फुटेल. मी तिथेच उभी असेन, पळणार नाही, आणि साहेब आले की माझं नाव मीच सांगेन. दंड करतील, कोंडतील, करू देत. टोपल्या तुरुंगातही विणता येतात. पण त्यांच्या वहीत पहिली ओळ तुझ्या हातची हवी. तू कचेरीची माणूस आहेस म्हणून नाही, तुझी नोकरी वाचावी म्हणूनही नाही, तू कोराची मुलगी आहेस म्हणून. धूर दिसला की पट्टी फिरव, अंश नीट बघ, वेळ लिही. जानेवारीच्या धुक्यावर खाडाखोड करू नकोस, त्याच्याखाली खरी ओळ लिही आणि तारीख घाल. आग कुणी लावली त्या रकान्यात "अज्ञात" लिहायची तुमची पद्धत आहे, ती इथे चालणार नाही. तिथे लिही, एमलीन, लांबटांग्या कोळ्याचं कूळ, आपल्या आईच्या जमिनीवर, झाडं जगावीत म्हणून. रकाना पुरला नाही तर समासात लिही. मग आठवड्याच्या आत, चार मार्चच्या आधी, त्यांना यावंच लागेल, मेलेली आणि जगलेली, सगळी मोजावी लागतील, आणि स्वतःच्या सहीने लिहावं लागेल की इथे झाडं आहेत. कदाचित तरीही बुलडोझर येईल. आला तर मी त्याच्यापुढेही उभी राहीन, पण यावेळी सामान बांधणार नाही. तू फक्त फोन उचल आणि माझं नाव सांग. आवाज कापू देऊ नकोस. माझा हात कापणार नाही.

तुझीच,
धाकटी आई
एमलीन